फिनाइल ओतलं की गटाराचा वास जातो?

बाथरूमचं काम निघालं, कमोड काढला आणि घरभर वास सुटला की कुणीतरी सांगतंच, ‘पाइपात फिनाइल ओता.’ वर्षानुवर्षं चालत आलेला हा सल्ला चुकीचा आहे. वास पाइपातल्या घाणीपेक्षा गटारातल्या हवेचा असतो, आणि तिला अडवतं ते साधं पाणी. कमोडच्या किंवा जाळीखालच्या ट्रॅपच्या वळणात साधारण 50 मिलिमीटर पाणी साठून राहतं, तेच झाकण. कमोड उचलला की झाकणही गेलं. फिनाइल वाहून जातं, वायू येतच राहतो.

गटारातल्या या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. त्याचं प्रमाण फार वाढलं तर नाक बधिर होतं; तेव्हा ‘वास गेला’ म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यातच असणारा मिथेन पेट घेतो, म्हणून विडी-काडी बाहेरच.

उघड्या तोंडाला रबरी टेस्ट प्लग (पाइपाचं तोंड घट्ट बंद करणारं बूच) लावा. नसेल तर जाड प्लास्टिक घट्ट बांधा. नुसत्या चिंध्यांच्या बोळ्यातून हवा येते, शिवाय बोळा आत घसरला की नवीनच काम! अॅसिड आणि ब्लीच तर एकत्र कधीच ओतू नका, क्लोरीन वायू तयार होतो. गटारातली हवा वर सोडणारा गच्चीवरचा व्हेंट पाइप मात्र बुजवायचा नाही.