जाग आणि उमेद : तरतरीच्या गोळीची पार्श्वभूमी

सोलापुरात एका दैनिकाच्या रात्रपाळीत मी अकरा वर्षे मुद्रितशोधनाचे आणि पुढे पाने लावण्याचे काम केले. पहाटे अडीच-तीनला शेवटचे पान छपाईला सोडायचे, चारच्या सुमारास घर गाठायचे आणि उन्हाळ्यात पत्रा तापायच्या आत जेवढी मिळेल तेवढी झोप पदरात पाडून घ्यायची, असा तो क्रम होता. नवव्या वर्षी आधी डुलक्या सुरू झाल्या, मग पानांत चुका राहू लागल्या आणि शेवटी कशातच मन लागेनासे झाले. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून उपचार सुरू केले. चार महिन्यांत मन बरेच सावरले, पण अंगातली सुस्ती हटेना. तेव्हा त्यांनी मोडॅफिनिलची १०० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, तीही सुरुवातीला अर्धीच. "ही गोळी तुम्हाला जागे ठेवील. मनासाठी जे औषध आहे ते वेगळे, ते बंद करायचे नाही," असे त्यांनी बजावले होते. पहिल्या आठवड्यात मला हा भेद अजिबात पटला नाही, कारण जाग आली तशी उमेदही आली असे मला अगदी मनापासून वाटत होते.

मराठीत आपण ज्याला 'तरतरी' म्हणतो तिच्यात या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. चहा घेतल्यावर तरतरी येते म्हणजे डोळ्यांवरची झापड जाते आणि कामाचा हुरूपही येतो. उत्तेजक औषधांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास तपासला, तर डॉक्टर, औषध कंपन्या, लष्कर आणि रुग्ण या सर्वांनीच कधी ना कधी जागेला उमेद समजण्याची चूक केलेली दिसते. माझी चूक त्याच परंपरेतली होती, म्हणून ती परंपरा येथे मांडतो.

या औषधांच्या मूळ पुरुषाचे नाव सोलापूरकरांना चांगलेच परिचयाचे आहे, मात्र ते वाईट कारणाने. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून अठरा टनांहून अधिक इफेड्रिन जप्त केले, आणि तोवर केवळ औषधशास्त्राच्या पुस्तकात असलेला हा शब्द पानटपरीवरच्या गप्पांत आला. त्या दिवसांत आमच्या कार्यालयात तो किती वेगवेगळ्या ऱ्हस्व-दीर्घांनी लिहून येत असे, ते मला अजून आठवते. इफेड्रिन हे मुळात एका वनस्पतीतील द्रव्य आहे. चिनी वैद्यकात 'मा हुआंग' या नावाने शतकानुशतके वापरल्या जाणाऱ्या झुडपातून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये ते वेगळे केले. पुढे १८९३ मध्ये त्यांनीच इफेड्रिनपासून मेथॲम्फेटामिन हे तीव्र नशेचे द्रव्य तयार केले. इफेड्रिनच्या साठ्यांवर पोलिसांची नजर का असते, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. १९२० च्या दशकात दम्यावरचे औषध म्हणून इफेड्रिनचा जगभर बोलबाला झाला. त्याने श्वासनलिका मोकळ्या होत, शिवाय रुग्णाची झोपही उडे. मात्र ते वनस्पतीतून काढावे लागत असल्याने महाग होते आणि पुरवठाही भरवशाचा नव्हता.

त्याला स्वस्त पर्याय शोधण्याच्या खटपटीतून पुढचे सारे घडले. लॉस एंजेलिसमधील तरुण रसायनशास्त्रज्ञ गॉर्डन ॲलेस यांनी ॲम्फेटामिन हे जे संयुग हाताशी धरले ते लाझार एडेलेआनू यांनी बर्लिनमध्ये १८८७ सालीच बनवले होते, पण त्याचा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. ३ जून १९२९ रोजी ॲलेस यांनी त्याचे ५० मिलिग्रॅम स्वतःला टोचून घेतले. नाक मोकळे झाले, छातीत धडधडले, अतिशय बरे वाटू लागले आणि रात्री झोप अशी लागलीच नाही. ॲम्फेटामिनच्या मानवी अनुभवाची ही पहिली नोंद, आणि बरे वाटणे व झोप न लागणे या दोन्ही गोष्टी तिच्यात शेजारी शेजारी आहेत. रुग्णाने सांगितलेल्या अनुभवाला औषधाच्या इतिहासात किती मोल असते, हे मला या नोंदीवरून उमगले.

स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीने हे औषध 'बेंझेड्रिन' या नावाने आधी नाकात हुंगण्याच्या नळीतून आणि मग गोळीच्या रूपात आणले. १९३५ मध्ये बोस्टनमधील डॉक्टरांनी ते नार्कोलेप्सीच्या रुग्णांना दिले. नार्कोलेप्सी म्हणजे बोलता बोलता, जेवता जेवता अनावर झोप येण्याचा विकार. त्यांना उत्तम गुण आला, आणि तो येणे स्वाभाविकच होते, कारण येथे विकारच झोपेचा होता. पण त्याच सुमारास त्याच शहरात मानसोपचारतज्ज्ञ अब्राहम मायर्सन यांनी खचलेल्या, कशातच गोडी न उरलेल्या माणसांसाठी ही गोळी वापरायला सुरुवात केली. १९३७ च्या अखेरीस अमेरिकी वैद्यक संघटनेच्या परिषदेने नार्कोलेप्सीबरोबर नैराश्यावरही तिला मान्यता दिली. जागेचे औषध मनाचे औषध झाले ते इथे.

त्याच वर्षी र्‍होड आयलंड राज्यातील मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांना निराळेच दृश्य दिसले. मेंदूच्या तपासणीसाठी पाठीच्या कण्यातील द्रव काढल्यावर मुलांचे डोके भयंकर दुखत असे, त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेंझेड्रिन देऊन पाहिले. डोकेदुखी तशीच राहिली, पण शाळेचे शिक्षक येऊन सांगू लागले की मुले अभ्यासाला बसू लागली आहेत. तीस मुलांपैकी चौदा जणांमध्ये हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. मुलांनी या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले. या निरीक्षणाकडे पुढची वीस वर्षे फारसे कोणी वळून पाहिले नाही. दुसरीकडे मिनेसोटा विद्यापीठात ज्या विद्यार्थ्यांवर या औषधाचे प्रयोग झाले, त्यांच्यातून ते परीक्षेच्या जागरणासाठी वापरण्याची टूम मात्र लगेच निघाली.

मग महायुद्ध आले. जर्मनीत १९३८ पासून 'पर्व्हिटिन' या नावाने मेथॲम्फेटामिन औषधाच्या दुकानांत मिळत होते. ते सैनिकांना वाटले गेले. ब्रिटिश आणि अमेरिकी वैमानिकांना बेंझेड्रिन मिळाले, जपानमध्ये 'फिलोपॉन' नावाचे मेथॲम्फेटामिन सैनिकांपासून युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील रात्रपाळीपर्यंत पोहोचले. जर्मनीने १९४१ मध्येच पर्व्हिटिनवर निर्बंध आणले, कारण माणसे दोन दोन दिवस जागत होती खरी, पण नंतर पार गळून जात होती. जपानने जी किंमत मोजली ती याहून मोठी होती. युद्धानंतर साठे बाजारात आले, हजारो लोक त्याच्या आहारी गेले आणि १९५१ मध्ये तेथे उत्तेजक द्रव्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कारखान्यातील रात्रपाळीला गोळी देणारा हा तपशील वाचताना मला आपल्या गिरण्यांचे भोंगे आठवल्याशिवाय राहिले नाहीत. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पिढ्यान् पिढ्या या शहराने रात्रपाळी केली, ती चहा, विडी आणि तंबाखूवर. त्यापेक्षा तीव्र असे काही येथे सर्रास वाटले गेले नाही, हे मी शहराचे भाग्य मानतो.

मेथिलफेनिडेटची कहाणी थोडक्यात सांगता येते. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लेआंद्रो पानित्सोन यांनी ते १९४४ मध्ये तयार केले आणि त्यांची पत्नी मार्गरिट, लाडाने रीटा, हिच्या नावावरून त्याचे 'रिटालिन' असे नामकरण झाले. टेनिस खेळण्यापूर्वी ती ते घेत असे. १९५४ मध्ये बाजारात आले तेव्हा थकवा आणि खिन्नता हीच ते घेण्याची कारणे सांगितली जात. चंचल, एकाग्र न होणाऱ्या मुलांसाठी ते मुख्यत्वे १९६० च्या दशकापासून वापरले जाऊ लागले. त्याआधीच १९५७ च्या सुमारास खऱ्या अर्थाने नैराश्यावर काम करणारी पहिली औषधे हाती आली, आणि ॲम्फेटामिनचे मानसोपचारातील स्थान डळमळले. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर या औषधांवर जगभर नियंत्रण आले. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत ॲम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट ही दोन्ही नावे आहेत. त्यामुळे ज्या मुलांना किंवा प्रौढांना मेथिलफेनिडेटची खरोखर गरज आहे त्यांनाही ते मिळवण्यासाठी बरीच पायपीट करावी लागते. त्यांच्या पालकांची तक्रार मला रास्त वाटते.

मोडॅफिनिल या घराण्यात उशिरा आले आणि सालसपणाचा लौकिक घेऊन आले. फ्रान्समधील लाफों प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात त्याचा शोध लागला. स्वप्नावस्थेतील झोपेच्या संशोधनामुळे विख्यात झालेले लिऑनचे मिशेल जूवे यांनी ते नार्कोलेप्सीच्या रुग्णांना देऊन पाहिले. १९९४ पासून ते फ्रान्समध्ये मिळू लागले आणि डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. २००४ च्या सुरुवातीस अमेरिकेने ती झोपेतील श्वासरोधामुळे येणाऱ्या आणि पाळीच्या कामामुळे येणाऱ्या झोपाळूपणापर्यंत वाढवली. नैराश्यासाठी अशी परवानगी कधीच नव्हती. तरीही ते विकणाऱ्या सेफलॉन या अमेरिकी कंपनीच्या प्रतिनिधींनी परवानगीबाहेरच्या उपयोगांसाठी औषधे खपवल्याचा ठपका आला, आणि २००८ मध्ये कंपनीने मोडॅफिनिलसह तीन औषधांच्या प्रकरणात ४२.५ कोटी डॉलर भरून ते मिटवले. २०१० मध्ये युरोपच्या औषध नियामकाने उलट पाऊल टाकले. त्वचेवरील गंभीर प्रतिक्रिया, मानसिक त्रास आणि हृदयावरील परिणाम पाहता हे औषध केवळ नार्कोलेप्सीपुरते ठेवावे, असे त्याने सांगितले. हे औषध डोपामिन हे मेंदूतील सुखाच्या जाणिवेशी जोडलेले रसायन वाढवते, म्हणजे त्याची सवय लागण्याचा धोका शून्य मानू नये, हे त्याआधी २००९ मध्येच मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले होते.

रात्रपाळीच्या माणसाने लक्षात ठेवावा असा अभ्यास मात्र २००५ सालचा आहे. रात्रपाळीमुळे विकाराच्या पातळीवर झोपाळू झालेल्या २०९ जणांवर तो झाला. पाळीच्या वेळी आडवे केले असता औषधापूर्वी हे लोक सरासरी २.१ मिनिटांत झोपी जात, औषधानंतर ३.८ मिनिटांत. फरक खरा होता, पण ३.८ मिनिटांत झोपणारा माणूस चांगला जागा आहे असे कोणी म्हणणार नाही.

माझ्या वहीतील नोंदी याच्याशी जुळतात. संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी नखाने गोळीच्या मधल्या खाचेवर दाब देऊन ती मोडायची, उरलेला अर्धा भाग पुन्हा पाकिटात सारायचा, आणि वहीत वेळ लिहायची. तासाभराने तोंड कोरडे पडे, भूक मरे, कधी कपाळ ठणके. मजकुरावर नजर मात्र अशी बसे की एका अनुस्वारासाठी मी तीन शब्दकोश काढत असे आणि पान उशिरा सुटे. सहाव्या आठवड्यात वही पाहून डॉक्टरांनी एकच रकाना दाखवला. झोप चार तासांवरून साडेतीनवर आली होती. गोळीचा अंमल बारा-पंधरा तासांनंतरही निम्मा उरतो, म्हणजे सकाळच्या झोपेतही ती माझ्या अंगात होती. ज्याला मी उमेद म्हणत होतो ती सुट्टीच्या दिवशी, गोळी न घेता, दुपारपर्यंतही टिकत नव्हती.

मग गोळी आठवड्यातून दोन रात्रींवर आली, नैराश्याचे औषध चालू राहिले आणि वर्षभराने मी दिवसपाळी मागून घेतली. पगारात घट झाली. आमच्या शेजारी टॉवेलच्या यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल पाहणारे, असलेल्या मामांना अशी मागणी करता येत नाही, कारण त्यांच्याकडे रात्रीच्या मागाला जॉबर तेच आहेत. मध्यंतरी औषधाच्या दुकानात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा 'जागरणाची गोळी' मागत होता. दुकानदाराने पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यातील 'आरएक्स' या अक्षरांवर बोट ठेवून चिठ्ठी विचारली आणि ती नाही म्हटल्यावर पाकीट परत फळीवर ठेवले. मी त्या मुलाला बाहेर गाठून विचारले, रात्री किती वाजता झोपतोस? त्याने जरा विचार करून सांगितले, "काका, तेच तर ठरत नाही."