छेद म्हणा की हर : अपूर्णांकांच्या बेरजेची पार्श्वभूमी

छेद वेगळे असले की आधी ते सारखे करायचे, मग अंश मिळवायचे. रीत सगळ्यांना ठाऊक असते. घोळ होतो तो शब्दांचा, आणि नागपुरात जरा जास्तच. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी शाळा एकाच गल्लीत. हिंदीत अपूर्णांकाला 'भिन्न' म्हणतात, मराठीत 'भिन्न' म्हणजे वेगळं. त्यामुळे 'भिन्न छेद' ऐकून हिंदी शाळेतून आलेलं पोर गोंधळतं. त्याच्या लेखी छेद म्हणजे 'हर', आणि लसावि, म्हणजे सर्वांत लहान सामाईक विभाज्य, हा 'लघुत्तम समापवर्त्य'.

यातला कुठला शब्द अस्सल, यावर शिक्षकांच्या खोलीत तावातावाने बोलणारे मी ऐकले आहेत. वाद फुकटचा आहे. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती' या भास्कराचार्यांच्या गणितग्रंथात समच्छेदाचा, म्हणजे छेद सारखे करण्याचा, नियम सांगताना 'हर' आणि 'छेद' एकाच ओळीत येतात, आणि अपूर्णांकांच्या प्रकरणाचं नावच 'भिन्न'वरून आहे. भिन्न म्हणजे तुटलेला. हिंदीने तो अर्थ धरला, मराठीने दुसरा. तेव्हा मधली आडवी रेघही नव्हती, अंशाखाली नुसता छेद लिहीत.

दुसरा वाद छेद सारखे करायच्या रीतीचा: तिरकस गुणाकार की लसावि. ५/१२ + ७/१८ घ्या. तिरकस गुणलं तर ९० + ८४, खाली २१६; १७४/२१६ चं संक्षिप्त रूप करता करता मुलं दमतात. लसावि ३६ घेतला की १५ + १४, झाले २९/३६. काही पालकांना लसावि हे नवं खूळ वाटतं. पण 'लीलावती'त तिरकस गुणाकाराच्या रीतीला लागूनच दुसरी आहे: छेदांना सामाईक अवयवाने, इथे ६ ने, आधी भागा; २ आणि ३ उरतात; मग पहिल्याचे अंश-छेद ३ ने गुणा, दुसऱ्याचे २ ने. दोन्ही छेद ३६ होतात. लसाविच तो, नाव तेवढं नाही.

रोजच्या व्यवहारातल्या अपूर्णांकांना खरा फरक पडला तो १ एप्रिल १९५७ ला, दशमान नाणी आली तेव्हा. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे १९२ पै. तिसरा हिस्सा ५ आणे ४ पै, चौथा ४ आणे. बेरीज ९ आणे ४ पै, म्हणजे ११२ पै, म्हणजेच ७/१२ रुपया. छेद सारखे करायचं काम नाण्यांनीच करून ठेवलेलं. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकलेल्या आजीला फळ्याची गरज पडत नसे. शंभर पैशांचे मात्र तीन सारखे वाटे होत नाहीत, एक पैसा उरतोच. पुढे शेर-छटाक ही जुनी वजनंही गेली, आणि ही बेरीज वहीपुरती राहिली. संत्रीवाल्याकडे अजून डझनाचा भाव चालतो. तिथे तिसरा हिस्सा ४, चौथा ३. सात संत्री पिशवीत पडतात आणि लसावि कोणी काढत नाही.