स्लायडर ओढला की फाईलच्या पोटात काय होतं

आमच्या ग्रुपच्या नाटकाची तालीम आम्ही मोबाईलवर शूट करत होतो. ट्रायपॉडवर फोन, तिसरी घंटा वाजली तिथपासून रेकॉर्डिंग चालू, आणि पहिला अंक संपायला पाच मिनिटं असताना बॅटरी संपून फोन बंद पडला. चार्जिंगला लावून बघितलं तर फाईल होती, साईज साडेतीन जीबी दाखवत होती, पण कुठलाच प्लेयर ती उघडेना, एक सेकंदसुद्धा नाही. आता साडेतीन जीबी आहे म्हणजे चित्र आणि आवाज आत आहेत हे तर उघड आहे, शेवटची काही सेकंदं गेली असतील तर समजू शकतो, पण आधीची पन्नास मिनिटं का जावीत? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि तेव्हा कळलं की व्हिडिओ फाईलमधला वेळ हा चित्रात नसतोच, तो वेगळा लिहून ठेवावा लागतो. कुठे आणि कसा लिहायचा यावरच स्लायडर ओढल्यावर सीन पटकन येणार का नुसतं गोल गोल फिरत बसणार हे ठरतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं आहेत, आतल्या मालाची नाहीत. आतला माल म्हणजे एच.२६४ किंवा तसल्या कोडेकने दाबून बसवलेलं चित्र आणि एएसी वगैरेमधला आवाज. डब्याचं काम इतकंच की चित्राचे आणि आवाजाचे तुकडे आलटून पालटून रचून ठेवायचे आणि कुठला तुकडा कधी दाखवायचा हे सांगायचं. ऐकायला सोपं आहे, पण सगळी गोम या "कधी" मध्ये आहे.

समजा दोन तासांचा पिक्चर आहे आणि तुम्ही स्लायडर बरोबर मध्यावर नेला. मग फाईलच्या अर्ध्या बाईटवर उडी मारली की झालं ना? नाही होत. कारण कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओत प्रत्येक सेकंदाला सारखे बाईट लागत नाहीत, दोन माणसं सोफ्यावर बसून बोलतायत तिथे थोडक्यात भागतं आणि पाऊस, गर्दी, मारामारी आली की बाईटचा ढीग लागतो, त्यामुळे बाईटवरून वेळ काढायला गेलात तर कुठल्या कुठे जाल. आणि दुसरी अडचण याहून मोठी. बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्याच नसतात, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच त्यांच्यात असतं, काही फ्रेम तर पुढच्या फ्रेमवरही अवलंबून असतात. मधेच उडी मारली तर डिकोडरला, म्हणजे दाबलेलं चित्र परत उलगडणाऱ्या भागाला, नुसता फरक मिळतो, पण फरक कशापासूनचा? म्हणून ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम टाकतात, तिला कीफ्रेम म्हणतात. सीक करायचं म्हणजे हव्या जागेच्या मागची कीफ्रेम गाठायची आणि तिथून हव्या फ्रेमपर्यंत सगळं गुपचूप डिकोड करत यायचं. काही प्लेयरमध्ये तुम्ही एका जागी सोडता आणि पिक्चर दोन-तीन सेकंद मागून चालू होतो ना, तिथे प्लेयरने हे गुपचूप काम टाळलेलं असतं आणि सरळ कीफ्रेमपासून दाखवायला सुरुवात केलेली असते.

आता एमपी४ हे कसं करतं ते बघा, मला स्वतःला हा भाग फार आवडतो. एमपी४ ची रचना ॲपलच्या १९९१ च्या क्विकटाईमवरून आलीय. फाईल म्हणजे एकात एक बसवलेल्या बॉक्सची रचना, त्यातले दोन महत्त्वाचे, एक एमडॅट, ज्यात सगळा माल, आणि दुसरा मूव्ह, ज्यात सगळ्या मालाचा हिशोब. मूव्हमध्ये प्रत्येक ट्रॅकचे तक्ते असतात: कुठली फ्रेम किती वेळ दिसणार, कुठल्या फ्रेम कीफ्रेम आहेत, प्रत्येक फ्रेम किती बाईटची, फ्रेमचे गठ्ठे कसे बांधलेत आणि प्रत्येक गठ्ठा फाईलमध्ये कितव्या बाईटला सुरू होतो.

एक आकडा घेऊनच करू. तुम्हाला १ तास १२ मिनिटं ४१ सेकंदांवर जायचंय, म्हणजे ४३६१ सेकंद. धरा की या ट्रॅकचं घड्याळ सेकंदाला ९०,००० टिकटिक करतं, म्हणजे हवी ती जागा ३९,२४,९०,००० टिकवर. पिक्चर सेकंदाला २५ फ्रेमचा असेल तर एक फ्रेम ३६०० टिकची, भागाकार केला की १,०९,०२५ येतात, म्हणजे तेवढ्या फ्रेम होऊन गेल्या आणि आपल्याला हवी १,०९,०२६ वी. मग कीफ्रेमच्या तक्त्यात बघायचं, दर ५० फ्रेमला एक असेल तर मागची कीफ्रेम १,०९,००१ वी. ती कुठल्या गठ्ठ्यात, गठ्ठा कितव्या बाईटपासून, गठ्ठ्यात तिच्या आधीच्या फ्रेमच्या साईजची बेरीज केली की नेमका बाईट हातात. इथपर्यंत व्हिडिओचा एक बाईटही वाचलेला नाही! मग तिथे उडी, २५ फ्रेम गुपचूप डिकोड, आणि सव्विसावी स्क्रीनवर. वेळेचा तक्ताही हुशारीने लिहिलेला असतो, प्रत्येक फ्रेमसाठी वेगळी ओळ नाही, "पुढच्या १,८०,००० फ्रेम प्रत्येकी ३६०० टिक" अशी एक ओळ टाकली की दोन तासांचा पिक्चर संपला.

पण हा हिशोब कधी लिहिता येतो? सगळं रेकॉर्डिंग झाल्यावर. कुठली फ्रेम किती बाईटची होणार हे ती कॉम्प्रेस होईपर्यंत कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे कॅमेरा सहसा आधी एमडॅट लिहीत सुटतो आणि तुम्ही स्टॉप दाबलं की मूव्ह लिहितो. आमच्या फोनला स्टॉप कुणी दाबलंच नाही. माल सगळा आत, हिशोबाची वही गायब, आणि डिकोडरला सुरुवातीला लागणारी सेटिंग पण मूव्हमध्येच ठेवलेली असते, म्हणून एक फ्रेमसुद्धा दिसेना.

मूव्ह शेवटी असण्याचा त्रास ऑनलाईन पण होतो. ब्राऊझरला फाईलच्या सुरुवातीला मूव्ह मिळाला नाही तर त्याला आधी शेवटाकडे जाऊन तो आणावा लागतो, आणि सर्व्हर फाईलचा मधलाच तुकडा द्यायला तयार नसेल तर पूर्ण डाऊनलोड होईपर्यंत वाट बघा. यावर उपाय सोपा आहे, मूव्ह उचलून पुढे आणायचा, एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलमध्ये फास्टस्टार्ट नावाचा ऑप्शनच आहे, फक्त मूव्ह पुढे आला की सगळे गठ्ठे तेवढे मागे सरकतात म्हणून तक्त्यातले बाईटचे आकडेही सगळे बदलावे लागतात. स्ट्रीमिंगवाले तर अजून पुढे गेले, ते एमपी४ चे छोटे छोटे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्याचा त्याचा छोटा हिशोब ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे की फोनने पण रेकॉर्ड करताना असंच करायला हवं, बॅटरी गेली तर शेवटचा तुकडा जाईल, बाकीचं वाचेल.

एमकेव्ही म्हणजे मात्रोस्का, २००२ साली सुरू झालेलं, रशियन बाहुलीत बाहुली असते त्यावरून नाव. याची पद्धत निराळी आहे. सगळा वेळ एका जागी न लिहिता फाईलचे क्लस्टर करतात आणि प्रत्येक क्लस्टरच्या कपाळावर त्याची सुरुवातीची वेळ लिहितात, आतल्या प्रत्येक तुकड्यावर त्या वेळेपासूनचं अंतर असतं. लाईट गेली तरी लिहून झालेले क्लस्टर वाचता येतात, म्हणूनच ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे लोक एमकेव्ही करा म्हणून सांगत असतात. उडी मारायला क्यूज नावाची वेगळी यादी असते, अमुक वेळेची कीफ्रेम तमुक क्लस्टरमध्ये. ती यादी लिहायची राहिली तर फाईल चालते पण स्लायडर ओढला की प्लेयर चाचपडत बसतो. आणि एमकेव्हीचं नेहमीचं माप १ मिलिसेकंदाचं, त्यामुळे सेकंदाला ३० फ्रेम असतील तर ३३.३३ चं ३३, मग ६७, मग १०० असं राऊंड होत जातं, डोळ्याला कळत नाही पण फ्रेम मोजून काम करणाऱ्या एडिटरला कळतं.

ऑग या फॉरमॅटमध्ये तर मुळात यादीच नाही! तो स्ट्रीमिंग डोक्यात ठेवून बनवलाय, आणि रेडिओ कधी संपणार हेच माहीत नसेल तर शेवटी यादी लिहिणार कधी? तिथे फाईलची पानं पाडलेली असतात, जास्तीत जास्त साधारण ६४ केबीची, प्रत्येक पान ओ-जी-जी-एस या चार अक्षरांनी सुरू होतं आणि त्यावर एक आकडा असतो, त्या पानाच्या शेवटापर्यंत आवाजाचे किती सॅम्पल, म्हणजे एकेक मोजमाप, झाले तो. सीक करायला प्लेयर शब्दकोश उघडतो तसं करतो, मधेच उघडलं, शब्द पुढे गेला, मागच्या अर्ध्यात बघ, परत मधेच उघड. १ जीबीच्या फाईलमध्ये अशी सोळा-एक हजार पानं धरली तर १४ वेळा अर्धं करून आपण नेमक्या पानावर पोचतो. आपल्या हार्डडिस्कवर हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, पण इंटरनेटवर प्रत्येक वेळी सर्व्हरला नव्याने विचारावं लागतं आणि तिथे वेळ जातो. त्यात व्हिडिओ असेल तर नुसती वेळ सापडून भागत नाही, कीफ्रेम पण हवी. ऑगमधल्या थिओरा व्हिडिओने यासाठी केलेली युक्ती फार सुंदर आहे, त्याच एका आकड्याचे दोन भाग केले, वरच्या भागात शेवटची कीफ्रेम कितवी होती आणि खालच्या भागात तिच्यानंतर किती फ्रेम झाल्या. पान सापडलं की मागे किती जायचं हे त्या पानावरच लिहिलेलं.

मघाशी ९०,००० टिक म्हटलं, तो आकडा मी मनाने घेतलेला नाही. टीव्हीच्या एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये, जी आपल्या सेटटॉप बॉक्सपर्यंत १८८ बाईटच्या पाकिटांतून येते, वेळ याच घड्याळाने लिहितात. ९०,००० ला २४ ने भागा, ३७५०. २५ ने, ३६००. ३० ने, ३०००. सगळं पूर्णांकात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि जुना टीव्ही पाल या सेकंदाला २५ फ्रेमच्या पद्धतीचा होता, म्हणून आपले २५ फ्रेम सरळ बसतात. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचे नियम करताना रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत लुडबुडू नये म्हणून ३० चे ३०,०००/१००१ म्हणजे २९.९७ केले, ते त्रांगडं आजपर्यंत चालू आहे, पण ९०,००० त्यालाही पुरून उरतो, एक फ्रेम बरोबर ३००३ टिकची. २४ चं असंच कमी करून झालेल्या २३.९७६ ला मात्र ३७५३.७५ येतात, तिथे हार. आणि हा वेळ ३३ बिटांत लिहितात, त्यामुळे साधारण साडेसव्वीस तासांनी घड्याळ भरून परत शून्यावर येतं. चोवीस तास चालणाऱ्या चॅनलचं रेकॉर्डिंग चालू असताना मधेच वेळ शून्य झाला तर ती चूक नाही हे प्लेयरला माहीत असावं लागतं, नाहीतर तो सव्वीस तास मागे गेला असं समजेल.

परत आमच्या तालमीकडे येतो. एका टूलने फाईल उघडली. त्याच फोनवर त्याच सेटिंगने काढलेली दुसरी चांगली फाईल त्याला द्यायची, तो तिच्यातून डिकोडरची सेटिंग घेतो आणि आपल्या फाईलमधला माल तुकड्या तुकड्याने ओळखत नवा मूव्ह बांधतो. पंचेचाळीसेक मिनिटांचं चित्र आणि आवाज परत मिळाला, ग्रुपवर टाकला, सगळे खूश.

मग लक्षात आलं की तिसऱ्या घंटेला चित्र-आवाज जुळतायत आणि रेकॉर्डिंगच्या शेवटी दार आपटलेलं आधी दिसतंय, आवाज जवळजवळ तीन सेकंदांनी येतोय. सुरुवातीपासून हळूहळू सरकलं असेल म्हणून बघितलं तर तसं नव्हतं, प्रत्येक ब्लॅकआऊटनंतर थोडं थोडं सरकत होतं. कारण अंधार झाला की फोन एकेका फ्रेमला जास्त उजेड घेतो आणि सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम काढतो. मूळ मूव्ह लिहिला गेला असता तर त्यात या फ्रेम जास्त वेळ दिसणार अशी नोंद झाली असती. आमच्या टूलला ते कळायला काही मार्गच नव्हता, त्याने सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर मांडल्या, आणि एमडॅटमधल्या फ्रेमला आपण किती वेळ दिसायचं हे माहीतच नसतं. चित्र परत आलं होतं, वेळ परत आली नव्हती. शेवटी एडिटिंगमध्ये प्रत्येक ब्लॅकआऊटला व्हिडिओ कापला, तेवढे काळे तुकडे ताणून लांब केले आणि लाईट आल्यावरच्या पहिल्या वाक्याला ओठ आणि आवाज जुळवले. सहा ब्लॅकआऊट होते, एक अख्खा रविवार गेला.