पाठराखी प्रथिने आणि प्रोस्टेटचा कर्करोग

पेशीतील इतर प्रथिनांची घडी नीट बसवणारी, ती विस्कटू न देणारी आणि अगदीच बिघडलेले प्रथिन मोडीत काढायला पाठवणारी प्रथिने म्हणजे पाठराखी प्रथिने. नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या पाठराखणीवरून हे नाव सहज सुचते, पण उपमा अर्धीच लागू पडते. पाठराखीण चार दिवसांत माहेरी परतते. पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहीपाशी, म्हणजे ते संप्रेरक धरून त्याचा हुकूम अमलात आणणाऱ्या प्रथिनापाशी मात्र ही प्रथिने संप्रेरक येईपर्यंत ठाण मांडून बसतात. यांतली बरीच प्रथिने उष्णतेचा ताण पडला की जोमाने तयार होतात. म्हणून त्यांना एचएसपी (हीट शॉक प्रोटीन) म्हणतात. एचएसपी९०, एचएसपी७० या नावांतला आकडा त्यांचे किलोडाल्टनमधले ढोबळ वजन सांगतो.

हा ग्राही, म्हणजे ॲन्ड्रोजन ग्राही, सुमारे ९२० ॲमिनो आम्लांचा असतो. नव्याने तयार झालेल्या ग्राहीला आधी एचएसपी४० आणि एचएसपी७० हाताशी धरतात. मग ‘हॉप’ नावाचे प्रथिन त्याला एचएसपी९०च्या स्वाधीन करते आणि पी२३ व एफकेबीपी५२ यांसारखी साहाय्यक प्रथिने येऊन मिळतात. या गोतावळ्यात ग्राहीची संप्रेरक धरणारी खोबण उघडी, तयार राहते. टेस्टोस्टेरॉनपासून प्रोस्टेट ग्रंथीतच बनलेले डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तीत बसले की ग्राही केंद्रकात शिरतो, जोडीने डीएनएवर बसतो आणि वाढीची जनुके चालू करतो. रक्ततपासणीत मोजतात ते पीएसए हे प्रोस्टेटचे प्रथिनही याच हुकमाने बनते. एचएसपी९०चे काम रोखले, तर ग्राही टिकत नाही. पेशी त्याचे तुकडे करून टाकते.

संप्रेरकाचा पुरवठा तोडला की प्रोस्टेटचा कर्करोग ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. पसरलेला रोग मात्र बहुधा काही काळाने उलटतो. याची कारणे अनेक आहेत : ग्राहींची संख्या वाढते, त्यांत उत्परिवर्तने होतात, गाठ स्वतःच संप्रेरक बनवू लागते. पाठराख्यांचा वाटा सर्वांत चलाख म्हणावा लागेल. एफकेबीपी५१ हे प्रथिन एचएसपी९०च्या जोडीने ग्राहीची संप्रेरक धरण्याची ताकद वाढवते, आणि त्याचे जनुक चालू करतो तो हाच ग्राही. म्हणजे नोकराने मालकाला बळ द्यायचे आणि मालकाने आणखी नोकर ठेवायचे!

मग एचएसपी९०लाच अडवावे, हा विचार ओघाने आलाच. जेल्डानामायसिन या प्रतिजैविकापासून बनवलेले १७-एएजी हे एचएसपी९० अडवणारे औषध प्रयोगशाळेत ग्राहीला नामशेष करी, पण रुग्णांवरील चाचण्यांत निराशा झाली. एचएसपी९० अडले की एचएसएफ१ हा नियामक जागा होतो आणि एचएसपी७० व एचएसपी२७ भराभर तयार होऊन पेशीला सावरतात. शिवाय एआर-व्ही७ या आखूड ग्राहीला संप्रेरक धरणारा भागच नसतो. तो संप्रेरकाविनाच कामाला लागतो आणि एचएसपी९०वर फारसा विसंबून नसतो.

पुण्यात हा रोग पुरुषांच्या कर्करोगांत वरच्या क्रमांकांवर आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी, पुरवणारे भांडार आहे. या विषयावर काम करणाऱ्याने वाण मागवतानाच सावध असावे. पीसी-३ या प्रसिद्ध वाणात ॲन्ड्रोजन ग्राही जवळपास नसतोच. एलएनकॅपमध्ये तो असतो, पण उत्परिवर्तित.