समुद्रतळावरून निघालेली यामातो

दर भागाच्या शेवटी पडद्यावर एक ओळ उमटायची: मानवजात नामशेष व्हायला अमुक इतके दिवस उरले. पुढच्या आठवड्यात आकडा आणखी खाली आलेला असायचा. ६ ऑक्टोबर १९७४ ला जपानी दूरचित्रवाणीवर ‘उचू सेन्कान यामातो’, म्हणजे ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ ही अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली आणि तिच्या २६ भागांवर या आकड्याची टांगती तलवार होती. अंतराळकथांमध्ये युद्धनौका पुष्कळ आहेत. पण अंतर आणि वेळ यांची किंमत प्रेक्षकाला इतक्या पोटतिडकीने जाणवून देणारी दुसरी नौका मला ठाऊक नाही.

ही यामातो आधी खरी होती. कुरे इथल्या नौदल गोदीत बांधलेली, ८ ऑगस्ट १९४० ला पाण्यात उतरवलेली, डिसेंबर १९४१ मध्ये नौदलात दाखल झालेली. लांबी २६३ मीटर, पूर्ण भारासह वजन ७२,००० टनांच्या आसपास, आणि ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा. तिची जुळी बहीण मुसाशी सोडली तर एवढ्या मोठ्या तोफा कुठल्याही युद्धनौकेवर कधी बसल्या नाहीत. ७ एप्रिल १९४५ ला ती ओकिनावाकडे निघाली असताना अमेरिकी विमानांनी तिला बुडवलं. जहाजावरच्या तीन हजारांहून जास्त माणसांपैकी तीनशेही वाचली नाहीत.

कथेची सुरुवात इथूनच होते. साल २१९९. गामिलास नावाच्या ग्रहाचे लोक पृथ्वीवर किरणोत्सारी उल्कांचा मारा करत आहेत. समुद्र आटले आहेत, माणसं जमिनीखाली शहरं करून राहत आहेत आणि किरणोत्सार हळूहळू तिथेही झिरपतो आहे. एक वर्ष उरलं आहे. अशात इस्कांदार ग्रहाची राणी स्टार्शा निरोप धाडते: किरणोत्सार धुऊन काढणारं यंत्र आमच्याकडे आहे, येऊन घेऊन जा. सोबत प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या इंजिनाचे आराखडे. कोरड्या समुद्रतळावर गंजत पडलेल्या यामातोच्या सांगाड्यात ते इंजिन बसवलं जातं आणि कप्तान ओकिता जूझोच्या हुकमतीखाली नौका उठते. (खरा सांगाडा १९८० च्या दशकात सापडला, तो सुमारे ३५० मीटर खोल पाण्यात. तो दोन तुकड्यांत आहे आणि मागचा तुकडा उलटा पडलेला आहे. २०१२ साली मालिका नव्याने केली तेव्हा नौका नवीच बांधलेली दाखवली, वरून फक्त भग्नावशेषाचं सोंग.)

पहिल्या मोहिमेची नोंद थोडक्यात अशी. चंद्राजवळून मंगळाकडे पहिली झेप. गुरूवर तरंगणाऱ्या शत्रूच्या खंडावर मुख्य तोफेचा पहिला वार, आणि त्या एका वारात अख्खं खंड नाहीसं झालेलं पाहून स्वतःच हादरलेले खलाशी. प्लूटोवरचा शत्रूचा तळ उद्ध्वस्त. मग सूर्यमालेच्या बाहेर, मोठ्या मॅगेलनी मेघाकडे, कारण इस्कांदार तिथे आहे. अंतर १,४८,००० प्रकाशवर्षं.

या आकड्यापाशी मला जरा रेंगाळायचं आहे.

मोठा मॅगेलनी मेघ ही आपल्या आकाशगंगेच्या शेजारची छोटी दीर्घिका. दक्षिण गोलार्धातून ती नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. आपल्याकडून ती पाहणं अवघडच. मुंबईहून ती जेमतेम एक-दीड अंश वर येते, म्हणजे क्षितिजावरच्या धुरक्यातच विरते. कन्याकुमारीला ती सुमारे बारा अंशांपर्यंत चढते, तिथे हिवाळ्यात स्वच्छ रात्री पाहता येईल. आणि यामातो जिथे बुडाली तिथून, किंबहुना जपानच्या चारही मोठ्या बेटांवरून, ती कधीच क्षितिजावर येत नाही. पडद्यासमोर बसलेल्या त्या मुलांची नौका अशा ठिकाणी निघाली होती जे त्यांच्या आकाशातच नव्हतं.

हे अंतर मोजायचं कसं? सगळ्यात विश्वासाची रीत म्हणजे एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या. दोन तारे एकमेकांभोवती फिरताना आळीपाळीने एकमेकांच्या आड जातात. प्रकाश किती वेळ आणि किती मंदावतो हे मोजायचं, वर्णपटावरून त्यांचे वेग काढायचे, की ताऱ्यांचा खरा आकार किलोमीटरमध्ये हाती येतो. रंगावरून पृष्ठभागाची तेजस्विता कळते. मग तो तारा आपल्याला जेवढा तेजस्वी दिसतो, त्यावरून अंतर निघतं. पोलंडचे खगोलशास्त्रज्ञ ग्झेगोश पिएत्शिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २० जोड्या वर्षानुवर्षं न्याहाळून २०१९ मध्ये उत्तर दिलं: सुमारे १,६२,००० प्रकाशवर्षं, चूक फार तर एक टक्का. नव्या मालिकेच्या कर्त्यांनी जुना आकडा बदलून १,६८,००० केला होता. कुणी लक्ष दिलं नसतं तरी त्यांनी तो बदलला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता एवढं अंतर वर्षभरात जाऊन-येऊन कापायचं. व्हॉयेजर-१ यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातं. ते त्या दिशेने निघालं असतं तर नुसतं पोचायला २८५ कोटी वर्षं लागली असती. पण गंमत पुढे आहे. समजा, यामातोला प्रकाशाहून वेगाने जाता येत नाही, पण पृथ्वीवर आपल्याला वजन जाणवतं तेवढ्याच त्वरणाने ती अर्धी वाट वेग वाढवत जाते आणि उरलेली अर्धी वाट तसाच कमी करत येते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार वेगवान नौकेत वेळ संथ चालतो. हिशेब केला तर खलाशांच्या घड्याळात इस्कांदार गाठायला फक्त २३ वर्षं लागतात. तरुण वयात निघालेला माणूस पन्नाशीच्या आत पोचला असता. पृथ्वीवर मात्र तोवर १,६२,००० वर्षं उलटलेली असतात.

म्हणजे प्रकाशाहून मोठा वेग खलाशांसाठी लागतच नाही. तो लागतो मागे राहिलेल्यांसाठी. प्रत्येक भागाच्या शेवटी येणारा आकडा पृथ्वीवरच्या घड्याळाचा असतो, हे ज्याने ठरवलं त्याला या कथेचं मर्म कळलं होतं.

कथेतलं इंजिन टॅकिऑन, म्हणजे प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या कल्पित कणांवर चालतं. हा शब्द अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेराल्ड फाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये रूढ केला, पण कल्पनेला वैज्ञानिक पाया १९६२ च्या एका लेखाने दिला होता. तो लिहिणाऱ्या तिघांत दोन भारतीय नावं आहेत: व्ही. के. देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन. सुदर्शन पन्नासच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांचा मुद्दा नेमका होता. प्रकाशाचा वेग ओलांडून पलीकडे जाणं सापेक्षतेला मंजूर नाही. पण जन्मापासून पलीकडेच असलेल्या कणांना समीकरणांची आडकाठी नाही. असे कण आजवर सापडलेले नाहीत. २०११ मध्ये जिनिव्हाहून इटलीतल्या ग्रान सास्सोकडे ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाही न अडणारे सूक्ष्म कण, प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं वाटलं आणि जगभर खळबळ माजली. कारण निघालं नीट न बसलेली एक केबल.

तोफांबद्दल एकच. खऱ्या यामातोच्या नऊ तोफांमधून एकदम सुटणारे गोळे प्रत्येकी १,४६० किलोंचे, वेग सेकंदाला ७८० मीटर. त्याचा उलटा धक्का अख्ख्या नौकेला सेकंदाला १४ सेंटिमीटर मागे ढकलण्याइतका. समुद्रात पाणी तो गिळून टाकतं. अंतराळात गिळायला काही नाही. एकदा मारा केला की तासाला अर्धा किलोमीटर या चालीने नौका मागे सरकतच राहील. कथेतल्या तोफा किरणांच्या आहेत, त्यांचा धक्का वेगळा असेल. पण मुख्य तोफ डागताना इंजिनाची सगळी शक्ती तिच्यात जाते आणि नंतर नौका काही काळ लुळी पडते, ही कथाकारांची कल्पना मला पटते. ऊर्जा कुठून तरी आलीच पाहिजे.

किरणोत्सार धुणाऱ्या यंत्राचं मात्र मन मोडावं लागेल. किरणोत्सारी सीझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षं आहे. ऊन, पाणी किंवा रसायन यांनी त्यात एका दिवसाचाही फरक पडत नाही. अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर फुकुशिमात म्हणूनच जमिनीचा वरचा थर खरवडून दुसरीकडे नेऊन ठेवावा लागला.

नौका परत येते. पृथ्वी डोळ्यांसमोर असताना ओकिता आपल्या खोलीत प्राण सोडतो. पुढच्या नोंदी चढउताराच्या आहेत. १९७८ च्या चित्रपटात ती शत्रूवर स्वतःला झोकून देते, त्याच वर्षीच्या मालिकेत तो शेवट बदलून तिला वाचवलं जातं, आणि १९८३ च्या चित्रपटात ॲक्वेरियस ग्रहावरून पृथ्वीवर कोसळणारा पाण्याचा लोंढा तोडण्यासाठी ती स्वतःचा स्फोट करून घेते. समुद्रातून निघालेली नौका पुन्हा पाण्यातच.

त्यानंतर चार वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९८७ ला, मोठ्या मॅगेलनी मेघातून जपानला खरंच निरोप आला. तिथल्या एका ताऱ्याचा स्फोट झाला होता, आणि त्यातून निघालेले न्यूट्रिनो दीड लाखाहून जास्त वर्षं प्रवास करत कामिओका खाणीत, जमिनीखाली १,००० मीटरवर ठेवलेल्या ३,००० टन पाण्याच्या टाकीत नोंदले गेले. तेरा सेकंदांत अकरा. मेघ जपानच्या क्षितिजाखाली असल्याने ते खालून, पृथ्वीच्या पोटातून आले होते. प्रयोगाचे प्रमुख मासातोशी कोशिबा महिनाभराने निवृत्त व्हायचे होते.