सेरामपूरच्या ईश्वरविज्ञान पदव्या

हुगळीकाठच्या सेरामपूर (श्रीरामपूर, प. बंगाल) महाविद्यालयाच्या सिनेटच्या (पदव्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या) कक्षेतील ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या पदव्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरशी त्यांचा संबंध नाही. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) व डी.टीएच. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी) या त्यांतील प्रमुख होत. अनेक प्रॉटेस्टंट व काही ऑर्थोडॉक्स सेमिनऱ्या (धर्मशिक्षणाच्या संस्था) सिनेटला संलग्न आहेत.

पदवीदानाचा अधिकार नेमका कशातून आला, याविषयी मतभेद आहेत. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या बॅप्टिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) मिशनऱ्यांनी 1818 मध्ये महाविद्यालय काढले, तेव्हा सेरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होते. राजा सहावा फ्रेडरिक याने 23 फेब्रुवारी 1827 रोजी दिलेल्या सनदेत पदव्या देण्याची मुभा आहे. एवढ्यावरून काही लेखक याला भारतातील पहिले विद्यापीठ म्हणतात. पण ईश्वरविज्ञानाची पहिली पदवी थेट 1915 मध्ये दिली गेली, हे ध्यानात घेता तो दावा जपून करावा लागतो. 1845 मध्ये वसाहत इंग्रजांना विकताना झालेल्या करारात सनदेचे हक्क कायम राहिले, मात्र ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण कायद्यांच्या अधीन. दुसरा पक्ष 1918 च्या सेरामपूर कॉलेज अधिनियमाला उगम मानतो. परंतु पहिल्या बी.डी. पदव्या या अधिनियमाच्या तीन वर्षे आधीच्या असल्याने हक्क सनदेचा व यंत्रणा अधिनियमाची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अधिनियमाने निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळींना (चर्चना) प्रतिनिधित्व देणारी सिनेट उभी केली, त्यामुळे बॅप्टिस्टांनी स्थापिलेल्या संस्थेची पदवी इतरांनाही आपली वाटू लागली.

एम.टीएच. साधारणतः दोन वर्षांचे असते : आधी प्रश्नपत्रिका, मग प्रबंध. बायबलमधील जुन्या कराराच्या अभ्यासासाठी हिब्रू, नव्या कराराच्या अभ्यासासाठी ग्रीक लागते आणि खरी अडचण येथेच येते. उदा., नव्या करारातील मार्ककृत शुभवर्तमानाची मार्क 16:9–20 ही वचने सायनायटिकस व व्हॅटिकनस या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत नाहीत. ती मूळची की मागाहून जोडलेली, हे तपासायचे तर ग्रीक संहितेच्या पानाच्या तळाशी दिलेली पाठभेदांची चिन्हे वाचता आली पाहिजेत. शिवाय या वचनांची शब्दकळा आधीच्या मजकुराहून कशी वेगळी पडते, हेही दाखवावे लागते. बी.डी.ला भाषा कशीबशी उरकलेला विद्यार्थी भाष्यकारांची मते एकापुढे एक मांडत जातो, निर्णय मात्र देऊ शकत नाही. भाषेची तयारी बी.डी.च्या पहिल्या वर्षापासूनच करावी.

कॅथलिक शिक्षणक्रम वेगळा असून तो व्हॅटिकनच्या नियमांनी चालतो. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठाचे मूळ 1893 मध्ये कँडीत (श्रीलंका) स्थापन झालेल्या पोप सेमिनरीत आहे. ती 1955 मध्ये पुण्यात आली. तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान यांच्या पायाभूत शिक्षणानंतर दोन वर्षांची लायसेन्शिएट ही पदवी, मग डॉक्टरेट, अशी चढण असते. डॉक्टरेटच्या प्रबंधाचा निदान मुख्य भाग तरी छापून प्रसिद्ध करावा लागतो.

सेरामपूरला संलग्न असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली व 1983 मध्ये पुण्यात आली.