नौकाबांधणी मेळा : व्याख्याने आणि प्रात्यक्षिके

नावा बांधणारे कारागीर, हौसेने नाव बांधणारे लोक, नावाडी, मच्छीमार आणि लाकूड-रेझिन-इंजिनांचे विक्रेते पाण्याजवळच्या एखाद्या गावी काही दिवस एकत्र जमतात. अशा भेटीला नौकाबांधणी मेळा म्हणतात. तिथे विक्री होते, पण मेळ्याचा खरा जीव शिकवण्यात असतो. कारागीर लोकांसमोर फळी वाकवतो, नावाडी वल्हे हातात देऊन मुलांना पाण्यात उतरवतो, जाणकार माणूस तासभर लाकडावर बोलतो. या नोंदीत मेळ्याच्या याच अंगाचा विचार केला आहे आणि तोही तापी-नर्मदेच्या खानदेशाला समोर ठेवून. खानदेशाला समुद्र नाही. नावेवाचून ज्यांचे पान हलत नाही अशी गावे मात्र आजही आहेत.

अशा मेळ्यांचे आजचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले. फायबरच्या नावा स्वस्त झाल्या आणि लाकडी नाव बांधणारे हात कमी होऊ लागले, तेव्हा ती विद्या लोकांसमोर मांडण्याची गरज अनेक देशांत जाणवली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील पोर्ट टाउनसेंड येथे १९७७ पासून लाकडी नावांचा उत्सव भरतो. ऑस्ट्रेलियातील होबार्टचा उत्सव १९९४ मध्ये सुरू झाला आणि तो दर दोन वर्षांनी होतो. काही मेळ्यांत आई-वडील आणि मुले मिळून दोन-तीन दिवसांत एक लहान नाव पूर्ण करतात आणि शेवटच्या दिवशी ती पाण्यात सोडतात. हे शक्य झाले प्लायवूडमुळे. प्लायवूडचे कापलेले भाग कडेने भोके पाडून तांब्याच्या तारेने शिवायचे आणि आतून-बाहेरून काचतंतूची पट्टी व रेझिन (घट्ट होऊन कडक बनणारा चिकट द्रव) लावून सांधा पक्का करायचा, ही रीत ‘मिरर’ या छोट्या शिडाच्या नावेने १९६३ पासून इंग्लंडमध्ये घरोघरी नेली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी तयार केलेली ही नाव साध्या हत्यारांनी घराच्या अंगणात बांधता येत असे.

खानदेशात शिकवायचे काय, हे नद्या ठरवतात. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. खानदेशात तिचे पात्र उंच मातीच्या काठांमध्ये खोल गेलेले आहे, ठिकठिकाणी खडक आहेत आणि उन्हाळ्यात पाणी उथळ होते. त्यामुळे इथे लांब पल्ल्याची जलवाहतूक रुजली नाही. चालल्या त्या या काठावरून त्या काठावर नेणाऱ्या नावा, बहुधा सपाट बुडाच्या, कारण उथळ पाण्यात आणि गाळात त्याच टिकतात. पूल होण्याआधी बाजारहाट, लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू हे सारे या नावांतून पार होत. तापीकाठच्या भोई आणि कोळी समाजांनी ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या दिली. पूल झाले आणि घाटावरची नाव मागे पडली. पुढे हतनूर धरण झाले, खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथे बॅरेज, म्हणजे दरवाजे असलेले बंधारे झाले, गुजरातेतल्या उकाई धरणाचे पाणी नवापूर-नंदुरबारच्या बाजूला पसरले. पाणी पुन्हा उभे राहिले, मात्र त्यावर उतरलेली साधने पुष्कळदा थर्माकोलचे तराफे आणि ट्रकच्या ट्यूब अशी आहेत. २०१६ च्या कायद्याने हतनूरपासून समुद्रापर्यंतची तापी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० म्हणून घोषित झाली. कागदावर जलमार्ग आणि काठावर ट्यूब, या दोहोंमधले अंतर भरायचे तर ते कारागिरीच्या शिक्षणानेच भरेल.

<b>तरंगण्याचे गणित.</b> मेळ्यातील सर्वांत महत्त्वाचे प्रात्यक्षिक दिसायला सर्वांत साधे असते. मातीचा गोळा पाण्याच्या टबात टाकला की बुडतो आणि त्याच गोळ्याची वाटी केली की तरंगते. नाव आपल्या एकूण वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत पाठ झालेला असतो. काठावर त्याचा आकडा दिसतो. समजा नाव पाच मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे, बूड सपाट आणि आयताकृती आहे. पाण्यावरचे तिचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटर झाले. ती एक सेंटिमीटर खाली गेली की ०.०६ घनमीटर, म्हणजे साठ किलो पाणी बाजूला सरते. थोडक्यात, चढणाऱ्या प्रत्येक माणसामागे नाव साधारण एक सेंटिमीटर खाली बसते. पाण्यापासून काठापर्यंत वीस सेंटिमीटर उरले असतील तर विसावा माणूस चढताच पाणी काठाला लागेल आणि त्याच्या किती तरी आधी एखादी लाट आत येईल. खऱ्या नावेची टोके निमुळती असतात, त्यामुळे ती याहूनही लवकर खाली बसते. हा हिशोब सहावीतली मुलगी पट्टी घेऊन करू शकते आणि एकदा केला की नावेत चढणाऱ्यांची डोकी ती आपोआप मोजू लागते.

याला जोडूनचे दुसरे प्रात्यक्षिक तोल दाखवते. नावेच्या मध्यावर ओळंबा टांगायचा. पन्नास किलोचे पोते मधोमध ठेवायचे, मग एका काठाकडे सरकवायचे आणि ओळंबा किती हलला ते मोजायचे. नंतर तेच पोते उंच पाटावर ठेवून पुन्हा सरकवायचे. या वेळी ओळंबा जास्त झुकतो. माणूस उभा राहिला की नाव का डगमगते, सगळे एका बाजूला पाहायला धावले की काय होते, हे सांगायला मग भाषण लागत नाही. मोठ्या जहाजांची स्थिरता तपासतानाही वजन सरकवून कल मोजण्याची हीच पद्धत वापरतात.

<b>लाकूड, ऊन आणि कापूस.</b> लाकडावरचे व्याख्यान खानदेशात सातपुड्याच्या सागापासून सुरू व्हावे. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही. त्यातल्या सिलिकामुळे मात्र रंध्याचे पाते लवकर बोथट होते, म्हणून धार लावण्याचे प्रात्यक्षिक फळीच्या कामाआधी ठेवावे. फळी सावलीत, हवा खेळेल अशी रचून वाळवायची. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा सुतारकामातला जुना अंदाज आहे.

किनाऱ्यावरच्या मेळ्यात जे सांगावे लागत नाही ते इथे सांगावे लागते आणि ते म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. काठावर ओढून ठेवलेली लाकडी नाव या उन्हात आकसते, फळ्यांमधल्या फटी उघडतात आणि पहिल्या पाण्यात ती गळू लागते. लाकूड भिजून फुगले की फटी पुन्हा मिटतात. म्हणून नाव सावलीत ठेवणे, ओल्या गोणपाटाने झाकणे किंवा वापराआधी काही दिवस उथळ पाण्यात भिजत ठेवणे, हे देखभालीचे पहिले धडे ठरतात. फटीत सुताची वळी ठासून वर राळेचा लेप देण्याची रीत जगभरच्या लाकडी नावांत आहे आणि यासाठी लागणारा लांब तंतूचा कापूस तर खानदेशाच्या शेतातच पिकतो. वळी किती घट्ट ठासायची हे हाताला कळावे लागते. सैल राहिली तर गळती, फार ठासली तर लाकूड फुगल्यावर फळीच खिळ्यांवरून उचलली जाते. हे पुस्तकात वाचून येत नाही. म्हणूनच मेळ्यात एक जुनी, निकामी नाव मुद्दाम मांडून ठेवतात आणि तिच्या फटींवर हवे तितके हात चालवू देतात.

रेझिनच्या कामालाही ऊन आडवे येते. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. खोल डब्यात कालवलेले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरकटते आणि वाया जाते. खानदेशात हे काम पहाटे करावे, थोडे थोडे कालवावे आणि लगेच पसरट ताटलीत ओतावे. हातमोजे आणि मोकळी हवा यांत तडजोड नको. शेवटी रंग किंवा वॉर्निश चढवलेच पाहिजे, कारण उघडे एपॉक्सी, म्हणजे नावेला लावलेले हे रेझिन, सूर्यप्रकाशात खराब होते.

दोऱ्यांच्या गाठी, जाळे विणणे, वल्ह्याला आकार देणे, लहान मुलांसाठी पुठ्ठ्याच्या नावांची शर्यत, या गोष्टी बहुतेक मेळ्यांत असतातच. नावेचा आराखडा खऱ्या मापात जमिनीवर रेखाटण्याचे प्रात्यक्षिक मात्र दुर्मीळ असते आणि ते आवर्जून ठेवावे असे आहे. शाळेच्या सभागृहाच्या फरशीवर खडूने ठिपके मांडायचे आणि लवचिक लाकडी पट्टी त्या ठिपक्यांवरून वाकवून रेघ ओढायची. एखादा ठिपका चुकला असेल तर पट्टी तिथे ताणते आणि डोळ्याला ती जागा लगेच खटकते.

<b>अजिंठ्याचे जहाज.</b> इतिहासाच्या व्याख्यानासाठी खानदेशाला दूर जायला नको. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असला तरी लेण्यांच्या पायथ्याची वाघूर खानदेशात उतरून तापीलाच मिळते. अजिंठ्यातल्या जहाजचित्रावरून भारतीय नौदलासाठी शिवलेल्या फळ्यांचे एक शिडाचे जहाज बांधले गेले. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि ‘होडी इनोव्हेशन्स’ ही नौकाबांधणी संस्था यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. जहाजबांधणीतले मुख्य कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या आणि सांध्यांना राळ लावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यात ते पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. जुना आराखडा हाती नव्हता, होते ते फक्त सपाट भिंतीवरचे चित्र. त्यातून बुडाचा आकार आणि शिडांचे माप काढताना आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने छोट्या प्रतिकृतीच्या चाचण्या केल्या. चित्र, कारागिराचा हात आणि प्रयोगशाळा एकत्र आल्याचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवता येणार नाही. ते चित्र ज्यांच्या इतके जवळ आहे त्या मुलांना त्याची गोष्ट माहीत असायलाच हवी.

<b>नर्मदाकाठ.</b> नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदा आखते. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीपासून वरच्या कित्येक पाड्यांना रस्त्यापेक्षा पाणीच जवळचे राहिले. दवाखानाही इथे बोटीतून येतो. २०२० च्या करोनाकाळात या भागातल्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः नाव वल्हवत पाड्यांवर जाऊन बालकांची वजने घेतली आणि पोषण आहार पोहोचवला. दुसरी बाजूही विसरता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या सुमारास धडगाव तालुक्यात नर्मदेत क्षमतेहून जास्त माणसे घेतलेली नाव उलटली आणि बुडालेल्यांत लहान मुले होती.

म्हणून या काठासाठीचा अभ्यासक्रम वेगळा असावा लागतो. जलाशय पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटरवर असते आणि उन्हाळ्याकडे ती खूप उतरते. उतरण्याची जागा दर महिन्याला सरकते, पाण्याखालची झाडांची खोडे बुडाला लागतात. नाव काठाला कुठे आणि कशी लावावी, फाटलेल्या बुडाला तात्पुरता पॅच कसा द्यावा, डिझेल इंजिन मध्येच बंद पडले तर वल्ह्यांवर कसे यावे, हे इथे आधी शिकवावे. जीवरक्षक जॅकेट अंगात घालून, पट्टे बांधून प्रत्यक्ष पाण्यात उतरवावे, कारण न बांधलेले जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येते आणि ते एकदा अनुभवल्यावर कुणी पट्टे सैल सोडत नाही. तापीकाठी याला आणखी एक धडा जोडावा लागतो. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडल्याचा इशारा आला की खालच्या गावांनी नावा किती वर ओढायच्या आणि कशाला बांधायच्या, हा तो धडा.

कायद्याची माहिती एका सत्रात देता येते. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात यांत्रिक नावांची तपासणी व नोंदणी आहेच, शिवाय यंत्राशिवाय चालणाऱ्या नावांचाही विचार आहे. हे सत्र ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी ठेवणे सर्वांत उपयोगाचे.

शिकवणार कोण आणि कोणत्या भाषेत, यावर मेळ्याचे यश अवलंबून असते. तापीकाठी अहिराणी, धडगाव-मोलगीकडे पावरी आणि भिली ही बोलण्याची भाषा असेल तर सुतार, नावाडी मोकळेपणी बोलतात. माइक हातात दिला की गप्प होणारा म्हातारा नावाडी हातात लाकूड तासायची वाकस दिली की तासभर शिकवतो. त्याला पाहुण्या अभियंत्याइतकेच मानधन आणि व्यासपीठावर तशीच खुर्ची मिळायला हवी. मुलींना प्रेक्षक म्हणून बसवू नये, करवत आणि वल्हे दोन्ही त्यांच्या हाती द्यावीत.

खानदेशात बाजारातून शिकण्याची सवय जुनी आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे दात पाहून वय सांगणारे, चाल पाहून जात ओळखणारे जाणकार असतात आणि पोरे त्यांच्या मागे फिरून ते ज्ञान उचलतात. नावांसाठीही हाच काळ सोयीचा आहे. मार्गशीर्षात पाऊस संपलेला असतो, बॅरेजमध्ये पाणी अडवलेले असते, उन्हाचा ताप नसतो आणि रेझिनला पुरेसा वेळ मिळतो. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव किंवा तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा येथेही असे प्रात्यक्षिक सहज होऊ शकते. मेळ्यात बांधून झालेली नाव नर्मदाकाठच्या एखाद्या शाळेला द्यावी आणि बाहेरच्या अंगाने जास्तीत जास्त भाराची लाल रेघ, ज्यांनी गणित केले त्या मुलांकडूनच ओढून घ्यावी.